मांडीवरची पिशवी

मे महिना उजाडला की मद्रासजवळच्या आवडी गावातल्या आमच्या क्वार्टर्समध्ये कुणी ना कुणी सकाळी सकाळी बातमी देतंच, "कत्तिरी लागली." पंचांगातले हे कडक उन्हाचे पंचवीसएक दिवस तमिळ माणूस घरच्या कटकट्या पाहुण्यासारखे सोसतो. कधी आला, किती दिवस राहणार, कधी जाणार, सगळं आधीच ठाऊक असतं आणि तरी रोज उठून त्याच्याविषयी बोलायचं असतं. मी भुसावळची, त्यामुळे उन्हाचं मला कुणी सांगू नये असा माझा तोरा होता. पण भुसावळचं ऊन अंगावर धावून येतं आणि सावलीत गेलं की मागे राहतं. मद्रासचं ऊन सावलीतही शेजारी येऊन बसतं. साडीचा पदर, कानामागची बट, बसच्या खिडकीचा गज, सगळं एकाच घामानं ओलं असतं.

कत्तिरी लागली की मी आधी फ्रीज उघडून बर्फाचे ट्रे बघते. भरलेले असतात. तरी पुन्हा बघते. मंदार, माझा नवरा, पहिली एक-दोन वर्षं काही बोलला नाही. आता हसतो आणि म्हणतो, "अगं, कुठे न्यायचाय आता बर्फ?" कुठेच न्यायचा नसतो. पण चार वर्षांपूर्वीच्या कत्तिरीत मी रोज सकाळी सहा वाजता हेच ट्रे पिळवटून बर्फ काढत असे, एका निळ्या पिशवीत भरत असे आणि त्या बर्फात एक बोटभर उंचीची बाटली उभी करत असे. बाटलीत माझं दूध असायचं. तीस मिली, कधी पंचवीस.

आमची सई दोन महिने आधी जन्मली. एक किलोला साठ ग्रॅम कमी. मला दहाव्या दिवशी घरी सोडलं, तिला ठेवून घेतलं. आयांसाठी इस्पितळात एक खोली होती, पण खाटा मोजक्या आणि त्या लांबून आलेल्या बायकांना. आम्ही पडलो आवडीचे, म्हणजे बसच्या अंतरावरचे. मंदारची रजा माझ्या ऑपरेशनमध्येच संपली होती. फॅक्टरीची पहिली पाळी सुटली की तो संध्याकाळी यायचा. सकाळी मी एकटीच निघायची, पोटावर टाके आणि हातात पिशवी.

पिशवीचं महत्त्व असं की सईला सुरुवातीला पावडरचं दूध दिलं होतं आणि तिचं पोट फुगलं होतं. बोटभर पोट, ते फुगल्यावर कसं दिसतं हे मला लिहिता येत नाही. डॉक्टरांनी सगळं बंद केलं. चार दिवसांनी म्हणाल्या, "आता फक्त आईचं दूध. नळीतून, थेंब थेंब. पोटानं ते स्वीकारलं तर आपण पुढे जाऊ." नाही स्वीकारलं तर काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढची गंमत अशी, की इस्पितळात पाऊल टाकलं की माझं दूध आटायचं. पंप लावून अर्धा तास बसले तरी बाटलीचा तळ जेमतेम ओला. घरी पहाटे मात्र थोडं यायचं. म्हणून जे काही होतं ते त्या निळ्या पिशवीत होतं आणि पिशवी उन्हातून न्यायची होती.

आवडीहून शहरात जाणाऱ्या गुलाबी बसमध्ये बायकांना फुकट प्रवास. त्यामुळे सकाळी बायकांची बाजू भरून वाहते. कंडक्टर मागच्या दाराशी आपल्या जागेवर बसून राहतो, तिकिटं हातोहात पुढे जातात, एकीकडून दुसरीकडे, शेवटी ज्या हातात पोचायची त्या हातात पोचतात. मी पहिल्या दिवशी मधोमध उभी होते. एका हातानं वरचा दांडा, दुसऱ्या हातानं पिशवी छातीशी. एवढ्यात शेजारच्या बाकावरच्या बाईनं काही न बोलता माझी पिशवी धरली आणि ओढली.

मी तशी स्वभावानंच संशयी. प्रवासात कुणाचं काही खायचं नाही आणि कुणाला काही द्यायचं नाही, हे आईनं आमच्या हाडीमासी भिनवलेलं. मी पिशवी उलट ओढली. तिनं पुन्हा ओढली. मी ओरडले, "सोडा! सोडा म्हणते ना!" शुद्ध भुसावळी मराठीत. अर्धी बस वळून बघायला लागली. ती बाई मात्र हसत होती. काळीसावळी, नाकात दोन्हीकडे चमक्या, मांडीवर ओल्या फडक्यात मुल्लैच्या, म्हणजे आपल्या जुईच्या, कळ्यांचा ढीग.

तेवढ्यात पुढच्या बाकावरून एक म्हातारा, करारी आवाज आला. "द्या हो बाई. ती पिशवी घेऊन धांवणार नाहीं. बसलेल्यांनी उभ्या असलेल्यांचं सामान मांडीवर घ्यायचं, ही हिकडची रीत आहे. भिऊं नका."

मराठी! पण कुठली मराठी? एखाद्या जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी, आणि सूर मात्र पुरा तमिळ. पांढरे केस, त्यात कनकांबराच्या फुलांची नारिंगी वेणी, हातात छत्री. त्या रुक्मिणीटीचर. शाळेतून निवृत्त झालेल्या, मूळच्या तंजावूरच्या. "आमचीं अस्कीं माणसं तिकडचींच. मराठी घरांत बोलतों, बाहेर तमिळ," त्या म्हणाल्या. अस्कीं म्हणजे सगळी, हे मला मागाहून कळलं. "महाराष्ट्र म्हणाल तर मीं पाहिलाच नाहीं. तुम्हीच पहिले भेटलांत." मला रडू आलं. परमुलखात दोन आठवडे कुणी माझ्याशी माझ्या भाषेत बोललं नव्हतं, मंदार सोडून, आणि मंदारशी बोलायला तेव्हा मला धीर होत नव्हता.

मी पिशवी दिली. फुलवालीनं ती मांडीवर घेतली आणि एकदम दचकली, कारण पिशवी गार होती. तिनं टीचरांकडे बघितलं. टीचरांनी मला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी तमिळमध्ये बसला सांगितलं. मग फुलवालीनं आपलं ओलं फडकं फुलांवरून काढलं आणि माझ्या पिशवीवर पांघरलं. तिचं नाव सेल्वी. अंबत्तूरला राहायची, वाटेत कळ्या गुंफायची आणि जॉर्ज टाउनला एका देवळापाशी विकायची.

त्यानंतर ती बस माझी उरली नाही, बसची मी झाले. सकाळी चढले की दारापासूनच प्रश्न सुरू व्हायचा, "पाप्पा वेयिट एव्वळवु?" बाळाचं वजन किती? आदल्या संध्याकाळी नर्सनं सांगितलेला आकडा मी सांगायची. आठशे नव्वद. तो आकडा तिकिटांसारखाच हातोहात पुढे जायचा, बाकाबाकावरून, अगदी ड्रायव्हरपर्यंत. आठशे नव्वद म्हणजे जन्माच्या वेळेपेक्षा कमी. ज्या दिवशी आकडा उतरलेला असे त्या दिवशी बस गप्प असायची. मला त्या गप्प बसण्याची भीती वाटायची. एकदा मी वीस ग्रॅम वाढवून सांगितले, निव्वळ त्यांच्या चेहऱ्यांसाठी. टीचर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "खरंच काय?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा खालचा आकडा सांगायची वेळ आली तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

आज हे लिहिताना वाटतं, त्या दिवसांतलं मला इस्पितळ फारसं आठवत नाही. काचेची पेटी आठवते, त्यातला सईचा पाय आठवतो, माझ्या करंगळीपेक्षा लहान. बाकी आठवते ती बसच. पाडीच्या पुलाखाली वितळून बुटांना चिकटणारं डांबर, सिग्नलला खिडकीतून आत येणारे ताडगोळ्यांचे द्रोण, ड्रायव्हरच्या गळ्यातला ओला टॉवेल. आणि माझी निळी पिशवी कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर. कारण रीत नुसती एवढीच नव्हती. मांडीवर पिशवी घेतलेली बाई आपला स्टॉप आला की ती पिशवी शेजारणीच्या मांडीवर ठेवून उतरते. पिशवी अशी बाकाबाकावरून फिरत राहते आणि जिची असते ती उतरताना फक्त हात पुढे करते. या रीतीत मालकिणीनं लक्ष ठेवायचं असतं, एवढंच. पहिले आठ-दहा दिवस मी पिशवीवर घारीसारखी नजर ठेवून होते. मग ठेवेनाशी झाले. माणूस विश्वास टाकायला शिकला की थोडा गाफीलही होतो, आणि ती चूक माझी होती, दुसऱ्या कुणाचीही नाही.

कत्तिरीचा मधला आठवडा. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, "दोन दिवस दूध पचतंय. उद्या थोडं वाढवू या. भरपूर घेऊन या." भरपूर! मी पहाटे चार वेळा पंप लावला आणि चाळीस मिली जमवलं. चाळीस मिली मी आयुष्यात कधी एवढ्या अभिमानानं बघितले नव्हते. बसमध्ये पिशवी नेहमीप्रमाणे कुणीतरी घेतली. टीचर त्या दिवशी नव्हत्या. अंबत्तूरला पुढे एक जागा रिकामी झाली आणि बायकांनी मला ढकलून बसवलं. मी बसले आणि झोपले. बारा-तेरा दिवसांची झोप एकदम आली असावी.

शिट्टीनं जाग आली. खिडकीबाहेर किल्पॉकचा ओळखीचा स्टॉप, इस्पितळाचा, माझा. मी धडपडत उठले आणि पुढच्या दारानं उतरले. बस सुटली. मी पदर सारखा करायला हात वर केला आणि तेव्हा कळलं की दोन्ही हात मोकळे आहेत.

मी धावले. पोटात टाके ओढले गेले तरी धावले. "निल्लुंगो, निल्लुंगो," एवढंच तमिळ तोंडातून निघत होतं, थांबा, थांबा. बस गेली. रिक्षावाल्याला म्हटलं, त्या बसच्या मागे चल. तो म्हणाला, कुठली बस? समोर चार गुलाबी बसेस होत्या, सगळ्या सारख्या. पिशवी कुणाच्या मांडीवर होती हेही मला सांगता येत नव्हतं.

इस्पितळात जाऊन पंप लावून बसले. दहा मिनिटं, वीस मिनिटं, चाळीस. एक थेंब नाही. नर्स दोनदा येऊन बघून गेली. काचेपलीकडे सईच्या नळीची सिरिंज रिकामी लटकत होती. नऊची वेळ टळली. साडेदहा झाले, अकरा वाजले. बाहेर ऊन एवढं पांढरं झालं होतं की खिडकीकडे बघवत नव्हतं. मी मनात हिशोब करत बसले की बर्फ किती वेळात वितळतो, आणि पिशवी शेवटच्या स्टॉपच्या मोठ्या बसस्टँडवर कुठल्या बाकाखाली पडली असेल. मंदारला फोन केला नाही. काय सांगणार होते? झोप लागली म्हणून?

सव्वाअकराला खालचा वॉचमन वर आला. त्याच्या हातात निळी पिशवी होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. तो म्हणाला, एक फुलवाली आली होती, तिला वर सोडता येत नाही, पिशवी देऊन गेली. मी ती हिसकावूनच घेतली. गार होती! बर्फ घट्ट होता. माझ्या ट्रेमधला चौकोनी बर्फ तो नव्हता, ओबडधोबड फोडलेला, मोठा. बाटली त्यात उभी, झाकणावरची माझ्या नावाची चिकटपट्टी जागच्या जागी. आणि बर्फावर हातभर मुल्लैचा गजरा. मी तो गजरा बघितला आणि मला वाटलं, देवच पावला.

नर्स वयानं माझ्याएवढीच, मितभाषी. तिनं बाटली हातात घेऊन विचारलं, "घरून निघाल्यापासून पिशवी तुमच्याजवळच होती ना?"

मी म्हटलं, "हो."

हे मी आज स्वच्छ लिहिते, कारण ते मी केलं. माझ्या पोरीच्या पोटापेक्षा मला त्या क्षणी ते चाळीस मिली मोठे वाटले. नर्सनं माझ्याकडे बघितलं, पिशवी नाकाजवळ नेली, गजरा बाजूला करून पुन्हा नेली. मग बेसिनपाशी गेली आणि बाटली उपडी केली. सगळं दूध गेलं. तिनं नळ सोडला, हात धुतले आणि वळून हळूच म्हणाली, "सॉरी अम्मा."

मी भांडले नाही. गजरा हातात घेऊन तिथेच स्टुलावर बसले. कळ्या अजून मिटलेल्या होत्या, विकायच्या होत्या. मला एकदम दिसलं की सेल्वी टोपली घेऊन एवढ्या उन्हात उलट्या बसमध्ये चढली असेल, पुन्हा उतरली असेल, वॉचमनशी हुज्जत घातली असेल आणि मग देवळाकडे गेली असेल. तिचं माझं नातं काय होतं? मी तिच्या हातातून पिशवी उलट ओढणारी बाई. हे मनात आलं आणि छाती दगडासारखी जड झाली, पाठोपाठ ब्लाउज ओला झाला. आधी वाटलं घामच आहे. घाम नव्हता. नर्सनंच ओळखलं आणि धावत बाटली आणून माझ्या हातात दिली. बावीस मिली निघाले, ताजे, कोमट. सईच्या नळीत बाराच्या सुमारास दूध गेलं आणि संध्याकाळीही तिचं पोट मऊच होतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये पाय ठेवला तोच सेल्वी उभी राहिली. "पाप्पा कुडिच्चुदा?" दूध प्यायली का? सगळी बाजू माझ्याकडे बघत होती. मी काय सांगायचं होतं? की तू उन्हातून आणलेलं दूध बेसिनमध्ये गेलं? मी म्हटलं, "कुडिच्चुदु." प्यायली. आणि प्यायलीच होती की! बातमी पुढे गेली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सेल्वी मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "वयिरु? नल्ला इरुक्का?" पोट बरं आहे ना? मी म्हटलं, बरं आहे. तिनं संध्याकाळचं विचारलं, सकाळचं विचारलं. मला वाटलं, पाच लेकरांची आई आहे, विचारणारच.

सई पाच आठवड्यांनी घरी आली. पुढे कधीमधी त्याच बसनं जाणं व्हायचं आणि सेल्वी भेटायची. टीचर त्यांच्या मुलाकडे कोइंबतूरला गेल्या. जाताना मला म्हणाल्या होत्या, "लेंकराशीं मराठी बोलत जा, बाई. एकदां सुटली कीं परत येत नाहीं." सेल्वी दर भेटीला एकच करायची. सईला जवळ ओढायची, फ्रॉकवरून तिचं पोट चाचपायची आणि विचारायची, वयिरु नल्ला इरुक्का? सई खुदकन हसायची. मला मात्र दर वेळी ते बेसिन आठवायचं आणि मी खिडकीबाहेर बघायची. चार वर्षं मी त्या बाईच्या तोंडावर एक अर्धवट सत्य ठेवून होते.

यंदा कत्तिरी लागली आणि त्याच आठवड्यात मंदारच्या बदलीची ऑर्डर आली. जूनमध्ये भुसावळ. सामानाची बांधाबांध सुरू झाली. घर रिकामं होत गेलं तसा हा एक डाग मोठा दिसायला लागला. परवा सईला घेऊन जॉर्ज टाउनला पोती आणि सुतळी आणायला निघाले तेव्हा मनाशी ठरवलंच होतं, भेटली तर सांगून टाकायचं. अंबत्तूरला ती चढली. चमक्या तशाच, केस थोडे पिकलेले. मी सरकून जागा दिली. तिनं सवयीनं सईच्या पोटाकडे हात नेला.

मी तो हात धरला. आता मला तमिळ बऱ्यापैकी येतं. म्हटलं, "सेल्वी, त्या दिवशी मी खोटं बोलले. तू आणलेलं दूध पाप्पाला दिलंच नाही. नर्सनं ओतून टाकलं."

तिच्या दुसऱ्या हाताची बोटं कळ्यांवर थांबली. मला वाटलं आता ही तोंड फिरवेल, आणि फिरवलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

"ओतलं?" ती म्हणाली. "सगळं?"

"सगळं."

"खरंच? एक थेंबसुद्धा नाही दिला?"

"नाही दिला."

सेल्वीनं दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. "मुरुगा!" म्हणाली आणि ढसाढसा रडायला लागली. पुढच्या बाकावरच्या बाया वळल्या. सई घाबरून माझ्या कुशीत शिरली. मला काहीच कळेना.

मग डोळे पुसत तिनं सांगितलं. त्या दिवशी पिशवी शेवटी तिच्याच मांडीवर आली होती. शेवटच्या स्टॉपला उतरताना तिला कळलं की पाप्पाची अम्मा केव्हाच उतरून गेली. पिशवीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. तिथे बर्फ ठेवणारा रसवाला नव्हता, दुकानं उघडायची होती. होती ती फक्त मासेवाल्याची गाडी. तिनं त्याच्याच गाडीतून बर्फ उचलला, मासळीखालचा, धुतला आणि पिशवीत भरला. बसमध्ये बसल्यावर वास यायला लागला. तो झाकायला वर गजरा ठेवला. पिशवी वॉचमनच्या हातात दिली आणि रस्ता ओलांडेपर्यंत तिला भीतीनं घाम फुटला, की एवढंसं पोर, आधीच पोट फुगलेलं, आणि आपण हे काय करून बसलो.

"तू म्हणालीस प्यायली," सेल्वी म्हणाली. "त्या दिवसापासून मी हिचं पोट बघतेय. कसं सांगू तुला?"

गजरा देवानं पाठवलाय असं मला वाटलं होतं. चार वर्षं मी तिला जपत होते आणि ती मला, दोघी एकाच बाकावर बसून. मी हसायला लागले आणि हसता हसता मलाही रडू फुटलं. कंडक्टरनं मागून ओरडून विचारलं, काय झालं? सेल्वीनंच उत्तर दिलं, "काही नाही. पाप्पा बरी आहे."

सई तोवर माझ्या कुशीतून बाहेर आली होती. सवयीनं तिनं आपला फ्रॉक सारखा करून सेल्वीसमोर पोट पुढे केलं आणि वाट बघत उभी राहिली. सेल्वीनं त्या दिवशी पहिल्यांदाच तिचं पोट चाचपलं नाही. दातानं दोरा तोडला, हातभर गजरा केला आणि सईच्या आखूड केसांत माळला.